अडीचच्या बांगड्या

नीलिमाच्या फॉर्मात एकशे चौदा प्रश्न होते. शेवटची पाळी कधी आली, घरात संडास आहे का, पाणी कुठलं पिता, काल हिरवी भाजी खाल्ली का, नवरा दारू पितो का, सगळं सगळं. कोणाच्या दारात जाऊन एवढं विचारलं तर माणूस काठी घेऊन मागं लागायचा. पण रिसोड तालुक्यातल्या बाया सोशिक. कांदे चिरता चिरता, सोयाबीन पाखडता पाखडता सांगायच्या बिचाऱ्या.

नीलिमा मूळची वाशीमचीच. पुण्याला जाऊन सार्वजनिक आरोग्य शिकली, संशोधक झाली आणि फिरून वाशीमलाच आली, तेव्हा तिच्या वडलांना दोन दिवस जेवण गेलं नव्हतं. एवढं शिकून पोरगी स्कूटीवर खेडी फिरणार, हे त्यांना काही केल्या पटेना. काम मात्र लाखमोलाचं होतं. चाळीस गावांतल्या सहाशे गरोदर बायांची नोंद ठेवायची, पोटात मूल असल्यापासून ते मूल सव्वा महिन्याचं होईपर्यंत. आई कुठं अडते, बाळ कुठं दगावतं, ते हुडकायचं.

आणि एवढा आटापिटा करून शेवटी त्या कागदावर काय यायचं? ‘माहेरी गेली.’

पहिलं बाळंतपण माहेरी, ही इथली रीत. सातव्यात ओटी भरली की पोरगी निघाली. सासरच्या गावची आशाताई आपल्या वहीत ‘माहेरी गेली’ असं लिहून मोकळी होते. माहेरच्या गावच्या आशाताईला ती आल्याचं कोणी सांगत नाही. मधल्या दोन-तीन महिन्यांत ती बाई कोणाच्याच वहीत नसते, आणि जिवाला धोका असतो तो नेमका त्याच दिवसांत. सहाशेतल्या एकशे सत्तर जणी अशा निसटल्या होत्या. अभ्यासाचे प्रमुख, मुंबईचे सर, फोनवर म्हणाले, “अगं, एवढी गळती चालते अभ्यासात. सोड ती नावं.” गळती म्हणे! बाई म्हणजे काय नळाचं पाणी आहे?

फोन ठेवल्यावर नीलिमा अर्धा तास एकटीच बडबडत होती.

तर ऑक्टोबरातल्या एका मंगळवारी सकाळी ती केनवडच्या उपकेंद्रात सपनासमोर बसली होती. सपना तिथली आशाताई. महिन्याची फेरी होती. नावं वाचता वाचता एका ओळीवर नीलिमाचं बोट थांबलं. वैभवी, वय वीस, पहिलटकरीण. पुढं सपनाच्या गोल गोल अक्षरात ‘माहेरी गेली’.

हिचं बीपी मागच्या फेरीला तिनं स्वतःच्या हातानं घेतलं होतं. एकशे अडतीस, अठ्ठ्याऐंशी. त्याच्या आधीच्या महिन्यात एकशे सहा होतं. पायावर थोडी सूजही होती. एकशे चाळीस असतं तर त्याच दिवशी दवाखान्यात पाठवायचा नियम. दोन आकडे कमी पडले म्हणून तिनं काय केलं, तर म्हणाली, “आठ दिवसांनी उपकेंद्रात येऊन पुन्हा तपासून घे बरं का.” पोरीनं मान हलवली. आणि आठ दिवसांनी तू असशील कुठं, हे या शहाणीनं विचारलंच नाही. एकशे चौदा प्रश्नांत तो प्रश्नच नव्हता. आणि फॉर्म बनवला होता कोणी? तिनंच.

“सपना, ही आली होती का पुन्हा तपासायला?”

“कायची येते मॅडम? तिसऱ्याच दिवशी ओटी भरली, चौथ्या दिवशी गेली.”

“कुठल्या गावाला?”

“ते काही इचारलं नाही बा मी.” सपनाचा चेहरा उतरला. “काहून, काही झालं काय?”

“झालं नाही अजून,” नीलिमा म्हणाली आणि उठली.

वैभवीची सासू तुळसाबाई अंगणात सोयाबीन वाळत घालत होती. बाई हाडानं मजबूत आणि तोंडानं त्याहून. तिचा मुलगा लखन मळणीयंत्र घेऊन गावोगाव फिरत होता, हंगामात त्याला मरायला फुरसत नव्हती.

“माही सून? गेली ना रिठदले, मायच्या घरी,” तुळसाबाई म्हणाली. “बस ना, चहा घे. तुहा तो कागद आनला नाही वाटते आज?”

“वैभवी बरी आहे का? बोलणं होतं का तुमचं?”

“होते ना. रोज फोन लावतो मी तिच्या मायले. तिचा सोताचा फोन पान्यात पडला, बायतपनानंतर नवा घेऊ म्हने लखन. मी इचारतो कशी हाय, तं माय म्हनते झोपली हाय. सकाळी लावला तं झोपली, संध्याकाळी लावला तं झोपली. माह्या घरी पोट्टी पाच वाजता उठत होती बाप्पा. मायच्या घरी काय अफू देतात काय तिले?”

तुळसाबाई स्वतःच खो खो हसली. नीलिमाला हसू आलं नाही. सहाव्या-सातव्या महिन्यात बीपी चढायला लागलेली बाई दिवसभर पडून राहते, याचे तिला फार वाईट वाईट अर्थ ठाऊक होते. चहा अर्धा टाकून ती निघाली.

रिठदला पोचायला तिला पाऊण तास लागला. वैभवीची आई पंचफुलाबाई दारातच भेटली. आत उंबऱ्याशी तिची सून संस्कृती बसली होती, भरल्या दिवसांची, पाय लांब करून. नीलिमानं आपण कोण, कुठून आलो ते सांगितलं, आणि वैभवीचं बीपी तपासायचं आहे म्हणाली.

“झोपली हाय ना ते,” पंचफुलाबाई म्हणाली.

“दोन मिनिटं उठवा ना काकू.”

“नाही, म्हंजे... देवळात गेली.”

“आत्ता झोपली होती ना?”

“झोपली होती, मंग उठली, मंग गेली. लेकराबायाच्या वक्ती देवाले जाव लागते.”

“बरं, मी थांबते. येईलच की.”

“देवळातून ते वावरात जाईन म्हने. भेंड्या तोडाले.”

आठव्या महिन्याची बाई भेंड्या तोडायला! संस्कृतीनं मान खाली घातली आणि पदराची दशी ओढत बसली. खोटं बोलायलाही अंगी कसब लागतं. पंचफुलाबाईकडे ते बिलकुल नव्हतं. तिच्या डोळ्यांत पाणीच यायचं बाकी होतं. नीलिमाला कळून चुकलं की पोरगी या घरात नाही. पण मग आहे कुठं, आणि ते लपवायचं कशाला? तिनं हात जोडले, समजावलं, जिवाचा धोका आहे असंही सांगितलं. पंचफुलाबाईचं एकच पालुपद, “मजेत हाय ते, तुमी काळजी करू नोका, अन् केनवडले काही सांगू नोका.” आणि दार लोटून घेतलं.

नीलिमा शेजारच्या ओट्यावर मटकन बसली. असा राग आला होता तिला! पंचफुलाबाईचा नाही, स्वतःचा. दोन आकड्यांसाठी सोडली मी तिला, दोन आकड्यांसाठी, हेच डोक्यात घुमत होतं.

“हात आन इकडं,” बाजूनं आवाज आला.

ओट्याच्या दुसऱ्या टोकाला बांगड्यांची पेटी उघडून एक म्हातारी बसली होती. रिसोडची अमीनाबी. चाळीस वर्षं झाली, पंचवीस-तीस गावांतल्या बायांना ती बांगड्या भरत होती. मुलगा तौकीर यानं रिसोडला चांगलं काचेच्या कपाटांचं दुकान टाकलं होतं, पण अमीनाबी काही दुकानात बसायची नाही. एसटीचं तिकीट काढायची आणि निघायची.

“मला नको चाची. मी घड्याळ घालते.”

“घड्याळ एका हातात. दुसरा काय उपाशी मारतं काय? आन.” आणि नीलिमाचा उजवा हात तिनं ओढलाच. बोटं एकत्र दाबून, अंगठ्याखालचं हाड चाचपून तिनं क्षणात माप सांगितलं, “दोन-सहा. हाडं मोठी हायेत तुही. तू त्या पंचफुलीशी काय वाद घालून राह्यली होती?”

“तिची मुलगी घरात नाही ना चाची?”

अमीनाबीनं हिरव्या बांगड्यांचा जोड निवडला. “पाह्य पोरी, मी सासरी बी जातो अन् माहेरी बी. लगनात मीच भरतो, ओटीत मीच भरतो. याच्या घरचं त्याच्या घरी सांगतलं, का माहा धंदा बसला. बाया मले चुलीपोत येऊ देतात, ते काहून? माह्या तोंडाले कुलूप हाय म्हून.”

मागून नीलिमाला कोणी विचारलं की त्या वेळी तुला ते कसं सुचलं, तर तिला सांगता यायचं नाही. दीड वर्ष ती बायांना गाव, वय, जात, शिक्षण विचारत आली होती. त्या ओट्यावर तिनं वेगळंच विचारलं.

“चाची, घरचं काही सांगू नका. गावही नको. फक्त तिच्या हाताचं सांगा.”

“हाताचं?” अमीनाबीचे हात थांबले. मग हळूहळू ती बोलायला लागली. धंद्याचं बोलायला तिला कुलूप नव्हतं. “लगनात सव्वादोनच्या भरल्या होत्या तिले. नाजूक हात. ओटीले सव्वादोनच्या घेऊन गेलो तं चढतच नाहीत. म्हनलं, पोटुशी हाय, भरली असंन. अडीचच्या भरल्या. अडीच म्हंजे तुह्या मापाहून बी मोठं, चांगल्या अंगाच्या बाईचं माप. अन् परवा पाह्यलं, तं त्याबी मनगटात रुतून बसल्या होत्या. साबन लावला, तेल लावलं, निंगनात. कातडीवर वळ उठले. शेवटी वाढवल्या म्या.” पोटुशी सवाष्णीच्या हातातल्या बांगड्या फोडल्या, हे सांगतानाही तिनं आवाज खाली आणला. “चाळीस सालात असं कधी केलं नव्हतं. त्या दिसापासून मले जेवन गोड लागत नाही.”

“आणि चेहरा? डोळे?”

“डोये सुजेल. उजेड सहन होत नाही म्हने. कपाय दुखते म्हने सारखं.”

नीलिमा उभीच राहिली. बांगडी अर्धी हातात, अर्धी बाहेर. “चाची, ही गर्भारपणाची साधी सूज नाही. रक्तदाब चढला की असं होतं. यात झटके येतात. आई जाते, मूलही जातं. आज जर तिला दवाखान्यात नेलं नाही तर...” तिनं अमीनाबीचा हात धरला. “तुम्हाला नाव सांगायचं नसेल तर नका सांगू. तुम्ही जा तिथं. तुम्ही तिला घेऊन निघा, मी रस्त्यात थांबते. पण कोणीतरी जा हो.”

अमीनाबीनं पेटी बंद केली. कडी लावली. एकदा पंचफुलाबाईच्या बंद दाराकडे पाहिलं.

“या अल्ला, धंदा गेला तं गेला,” ती म्हणाली. “सुरू कर तुही गाडी. मागं बसतो मी. अन् दमानं चालव, माही पेटी काचेची हाय.”

रस्त्यात वाऱ्यावर ओरडून ओरडून तिनं सगळं सांगितलं. घरात भावजय भरल्या दिवसांची, आणि एका छपराखाली दोन बाळंतपणं करत नाहीत. एकीचं दुसरीला बाधतं म्हणतात. म्हणून लेकीला आठच दिवसांत गुपचूप मावशीकडे पोचतं केलं, खैरवाडीला. आता पहिलं बाळंतपण आईनं करायचं सोडून मावशीच्या गळ्यात घातलं, हे केनवडला कळलं तर तुळसाबाई साऱ्या सोयऱ्यांत नाक कापेल. म्हणून ही झोप, हे देऊळ, ह्या भेंड्या. सासू, नवरा, आई, मावशी, चौघांचाही जीव त्या पोरीवर, आणि सगळ्यांनी मिळून तिला अशा जागी नेऊन ठेवलं होतं, जिथं तिला शोधायला देवालाही बांगड्यावाली लागली असती!

खैरवाडी म्हणजे साठ-सत्तर घरं. मावशीच्या घरात खिडकीला गोधडी लावली होती. आत अंधारात वैभवी पडली होती. महिन्यापूर्वीची ती चुणचुणीत पोरगी नीलिमाला आधी ओळखूच आली नाही, चेहरा एवढा सुजला होता.

“ताई, तुमी?” वैभवी म्हणाली. “माह्या डोयासमोर काजवे चमकून राह्यले हो.”

नीलिमानं दंडाला पट्टा बांधला. एकशे सहासष्ट, एकशे बारा. तिनं पाच मिनिटं थांबून पुन्हा घेतलं. एकशे अडुसष्ट. तिनं यंत्र पिशवीत घातलं आणि बाहेर आली.

“मावशी, हिला आत्ताच्या आत्ता वाशीमला न्यायचं.”

मावशी दारात आडवी झाली. बाई वाईट नव्हती. परक्याची ठेव सांभाळणारं माणूस जसं घाबरलेलं असतं तशी घाबरली होती. “आठवा चालू हाय. आठव्यात पोटुशीले गावची शीव वलांडू देत नाहीत. तुमाले शयरात नाही समजत ते.”

नीलिमा समजवायला लागली. रक्तदाब, मूत्रपिंड, झटके. मावशीच्या कानावरून सगळं वाहून गेलं. तेव्हा अमीनाबी पुढं झाली.

“काय व, आठवा कायले पाळतात? दोन जीव राह्यले पायजेत म्हून ना? अन् जीवच नाही राह्यले तं कोनाचा आठवा पाळशीन तू? म्या माह्या हातानं त्या पोरीच्या बांगड्या फोडल्या. आता मले तिच्या मयतीले नाही याचं.”

असं कोणी पोटुशीच्या दारात बोलत नाही. मावशी पांढरीफटक पडली. “मंग तिच्या सासूले इचारा,” ती कशीबशी म्हणाली. “उद्या काही झालं तं मावशीनं मारली म्हनतीन.”

सासू म्हटल्यावर आतून वैभवीचा आवाज आला, “नोका ना ताई, नोका. माह्या मायले लय बोलतीन ते.”

नीलिमानं फोन लावला. लाऊडस्पीकरवर. कोण कुठं आहे, का आहे, बीपी किती आहे, तिनं काही लपवलं नाही आणि काही तिखटमीठही लावलं नाही. पलीकडून सोयाबीन ओढल्याचा आवाज येत होता. तो थांबला.

“खैरवाडीले?” तुळसाबाई म्हणाली.

“हो.”

“इतके दिस?”

“हो.”

“दवाखान्यात न्या तिले. माह्याकडून हो हाय. लखनले मी सांगतो, अन् मी बी निंगालो इथून.” फोन ठेवता ठेवता तिला राहवलं नाही. “अन् त्या पंचफुलीले म्हना, तुह्याशी मी मंग पाह्यतो.”

मदनसिंग नावाच्या माणसाची काळीपिवळी जीप पाराजवळ सवाऱ्या भरत होती. वैभवीला दोघींनी धरून आणताना पाहिलं आणि आत बसलेले आठही जण कोणी न सांगता खाली उतरले. एका म्हाताऱ्यानं तर आपली पिशवी उशाला दिली. मदनसिंगनं भाड्याचं तोंडातून काढलं नाही. नीलिमानं पोरीला डाव्या कुशीवर निजवलं, दवाखान्यात फोन करून आकडे कळवले, आणि सारा रस्ता तिचं मनगट धरून बसली. पलीकडे अमीनाबी काहीबाही पुटपुटत होती. मधेच वैभवी म्हणाली, “चाची, तुमी अल्लाले सांगता ते जोरानं सांगा, गाडीचा लय आवाज हाय,” आणि त्या तशातही तिघी हसल्या.

वाशीमच्या सरकारी दवाखान्यात सगळी तयारी करून ठेवली होती. सुई दिली, बीपी उतरवायची औषधं सुरू झाली. डॉक्टरीणबाई कागदावरून मान वर न करता म्हणाल्या, “आजच्या दिवसात आणलंत ते बरं केलंत. रात्र काढली असती तर माझ्या हातात काही उरलं नसतं.” नीलिमा बाहेर आली आणि जिन्याच्या पायरीवर बसून ढसाढसा रडली. अमीनाबीनं तिला रडू दिलं. मग म्हणाली, “झालं? आता चहा पाज मले.”

दुसऱ्या दिवशी दुपारी मुलगी झाली. एक किलो आठशे पन्नास ग्रॅम. मांजरीच्या पिलासारखी रडली, पण रडली! तिला काचेच्या पेटीत ठेवलं. आणि बाहेर वऱ्हांड्यात तुळसाबाई आणि पंचफुलाबाई यांची अशी जुंपली की शिपायाला दोनदा यावं लागलं. “चोरून ठेवली माही सून!” “तुमच्या तोंडाच्या भेवानंच ठेवली!” “माह्या तोंडानं काय लोकं मरतात काय?” “मरता मरता वाचली ना!” शेवटी दोघींचाही घसा बसला. संध्याकाळी नीलिमा पाहते तो दोघी एकाच डब्यातली भाकरी खात होत्या, एकमेकींकडे पाठ करून.

बाळ वीस दिवस पेटीत होतं. वैभवीचं बीपी पाचव्या दिवशी उतरलं, सूज गेली, चेहरा पुन्हा चेहऱ्यासारखा दिसायला लागला. त्या वीस दिवसांत नीलिमानं दोन कामं केली. एक म्हणजे मुंबईच्या सरांना फोन करून सांगितलं की एकशे सत्तर नावं अभ्यासातून निघणार नाहीत. मी एकेक शोधणार आहे, मग वर्ष जास्त लागलं तरी चालेल. सर जरा रागावले, मग म्हणाले, “कशी शोधणार?” तेच दुसरं काम. तौकीरच्या दुकानात अमीनाबीनं तालुक्यातल्या सात बांगड्यावाल्या गोळा केल्या होत्या. अट त्यांचीच. घरातलं काही सांगणार नाही, भांडण सांगणार नाही, कोणाचं काय लपलंय ते सांगणार नाही. पोटुशीच्या हातात बांगडी रुतली, तर तिला विचारून फक्त तिचं गाव कळवणार. पहिल्या पंधरा दिवसांत नऊ फोन आले. त्यातल्या आठ बाया ठणठणीत निघाल्या आणि एकीनं तर नीलिमाला, “मी जाडी झालो म्हून गाडी घेऊन आली काय व?” असं झापलं. नववीचं बीपी एकशे पन्नास निघालं. तिची औषधं आता चालू आहेत.

सुट्टी मिळायच्या दिवशी नीलिमा वॉर्डात गेली. बाळ दोन किलो शंभर ग्रॅमचं होऊन आईच्या मांडीवर होतं. पंचफुलाबाई पिशव्या भरत होती. तुळसाबाई खाटेच्या टोकाला बसली होती, आणि वीस दिवस जे पोटात ठेवलं होतं ते तिनं आता विचारलं.

“एक सांग मले वैभे. हात फुगले, कपाय फुटून राह्यलं होतं, अन् मी रोज फोन लावत होतो. मले एक डाव तरी सांगाचं होतं ना. मी काय वाघीन हावो?”

वैभवी बाळाचं टोपडं सारखं करत राहिली. मग सासूला म्हणाली, “तुमी रोज मायले फोन लावत होत्या मामी. माय मावशीले लावत होती. मावशी सांगे, बरी हाय. माह्याशी तं कोनीच नाही बोललं.”

पंचफुलाबाईचे हात पिशवीतच राहिले. आणि नीलिमाला तर वाटलं, जमीन दुभंगावी. सासूला विचारलं, आईला विचारलं, आशाताईला, बांगड्यावालीला. एकशे चौदा प्रश्न लिहिणाऱ्या बाईनं या पोरीला विचारलं काय, तर भाजी खाल्ली का.

तुळसाबाईनं कमरेची पिशवी सोडली, आपला फोन काढला आणि सुनेच्या हातात ठेवला.

“हा तुहा.”

“अन् तुमी मंग मले कायनं लावसान?”

“केनवडात काय एकच फोन हाय? कोनाचाबी मांगीन. पन घंटी वाजली का तूच उचलाचा. तुह्या मायनं नाही, मावशीनं नाही.”

ते बोलणं संपतं न संपतं तोच तो वाजला. पंचफुलाबाईचा हात सवयीनं पुढं आला, तुळसाबाईनं डोळे वटारले, आणि तो मागं गेला. वैभवीनं फोन कानाला लावला.

“माय, गाडी आनली खाली,” लखनचा आवाज सगळ्या वॉर्डाला ऐकू गेला.

“माय नाही, मी बोलतो.”

पलीकडे जरा गडबडल्यासारखं झालं. मग तो म्हणाला, “बरं... मंग तूच सांग. कोठी जायचं? केनवड का रिठद? मदनसिंगले रस्ता सांगा लागते.”

खाटेभोवती तिघी होत्या, तिघींनीही तोंडं घट्ट मिटली होती. नीलिमानंसुद्धा. रिठदच्या घरात संस्कृती बाळंतीण होऊन दहा दिवस झाले होते. वैभवीनं एकदा आईकडे पाहिलं.

“रिठद,” ती म्हणाली. “भावजयजवळ. दोघी संग राहू आमी.”

“पन बाई, एका छपराखाली...” पंचफुलाबाई बोलायला लागली. मग तिनं लेकीच्या मांडीवरच्या त्या दोन किलोच्या नातीकडे पाहिलं, पदराचा बोळा तोंडाशी धरला आणि पुढचं गिळून टाकलं. “ये माय,” ती म्हणाली. “ये. दोघींचंबी पानी मीच तापवतो.”

“हॅलो?” लखन ओरडत होता. “काय ठरलं मंग?”

“ठरलं ना,” वैभवी म्हणाली. “गाडी दारापाशी लाव. अन् तुही माय बी येऊन राह्यली, चार दिवसांसाठी. तिची जागा धर.”

“मी कवा म्हनलं?” तुळसाबाई म्हणाली. पण ती उठली होती, आणि तिनं बाळाला घ्यायला दोन्ही हात पुढं केले होते.